देव रुसलाय असं वाटतं तेव्हा

बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हटलं की डोळ्यांसमोर रडणारी बाई येते. खरं तर रडू येणं हा बऱ्याचजणींसाठी त्यातला सोपा भाग. जिला देवाधर्माची मनापासून ओढ आहे, तिला आधी वेगळंच काहीतरी खुपायला लागतं. लहानपणापासून तोंडपाठ असलेली प्रार्थना ती म्हणते, ओठ हलतात, अक्षर इकडचं तिकडे होत नाही, आणि आत काहीच हलत नाही. बाळाला कुशीत घेतलं तरी तीच गत. दोन्हीकडे एकाच वेळी कोरड पडल्यामुळे ती स्वतःच निकाल लावून मोकळी होते: मला माया नाही, भक्ती नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे आणि देवाला ती कळली आहे.

या आजारातून बाहेर पडलेल्या आणि आता अशाच आयांच्या सोबतीला बसणाऱ्या आम्हा बायकांचं सांगणं एवढंच, की हा निकाल पहिल्याच पायरीवर चुकतो. आनंद, ओढ, कृतज्ञता, आपलं ऐकणारं कुणीतरी आहे ही जाणीव, हे सगळं ज्या मेंदूच्या भरवशावर चालतं तोच मेंदू आजारी पडलेला असतो. तापात तोंडाची चव गेली तर कुणी अन्नाला नावं ठेवत नाही. इथे मात्र बाई थेट स्वतःच्या श्रद्धेला नावं ठेवते, आणि म्हणूनच महिनोन्‌महिने कुणाला सांगत नाही.

सुरुवात कशी होते ते आधी पाहू. प्रसूतीत वार (प्लॅसेंटा) पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं दोनेक दिवसांत झपाट्यानं खाली येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण डोळे भरून येणं, चिडचिड, क्षणात हसू क्षणात रडू, हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि १० ते १४ दिवसांत आपसूक ओसरतं. त्याला औषध लागत नाही. झोप आणि सोबत लागते. दोन आठवडे उलटूनही दिवसाचा बराचसा वेळ मन उदास किंवा बधिर राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मात्र तो आजार समजायचा. तो लगेच सुरू होईल असंही नाही. बाळ चार-सहा महिन्यांचं झाल्यावरही गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, त्यात मुख्यतः नैराश्यच. विकसनशील देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जातं. इतक्या बायकांवर एकदम देवाची खप्पामर्जी झाली, असं कुणी म्हणणार नाही.

थकवा आणि आजार यांत फरक करायची एक साधी खूण आम्ही नेहमी विचारतो. बाळ झोपलंय, त्याला बघायला दुसरं कुणी जागं आहे, तुम्ही आडव्या झालात. झोप लागते का? नुसती दमलेली बाई पाच मिनिटांत घोरायला लागते. आजारी बाई छताकडे बघत पडून राहते, किंवा बाळाचा श्वास चालू आहे ना हे बघायला पुन्हा पुन्हा उठते.

आणखी एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. काही बायकांना पान्हा फुटण्याच्या अर्धा-एक मिनिट आधी पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, एकदम हताश वाटतं, अपराधी वाटतं, घर सोडून पळून जावंसं वाटतं. दूध वाहायला लागलं की काही मिनिटांत ते निघूनही जातं. पुढच्या वेळी पाजताना पुन्हा तेच. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पान्ह्याच्या वेळी मेंदूतलं डोपामिन हे रसायन अचानक कमी होण्याशी तिचा संबंध असावा असं मानतात. पण रात्री तीन वाजता, अंधारात, एकटीनं बाळाला अंगावर घेताना नेमक्या त्याच क्षणी असं वाटलं, की ‘माझ्या दुधालाच शाप आहे’ इथपर्यंत विचार जायला वेळ लागत नाही. पाजायच्या वेळा आणि हताश वाटण्याच्या वेळा दोन-तीन दिवस कागदावर लिहून काढल्या की जोडी लगेच दिसते, आणि भीतीतली निम्मी हवा तिथेच निघून जाते.

निदानाच्या वाटेवर पहिली पायरी बहुधा एडिंबरा प्रश्नावलीची असते. १९८७ साली तयार झालेली ही १० प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते. गेल्या ७ दिवसांत कसं वाटलं ते विचारतात, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण ३०. बेरीज १३ किंवा त्याहून जास्त आली तर नैराश्याची दाट शक्यता धरतात. १० पासूनच लक्ष ठेवायला सुरुवात करतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही कमी असली तरी त्याच दिवशी नीट बोलणं व्हायला हवं. प्रश्नावली चाळणीपुरती आहे. निदान डॉक्टरच करतात.

धार्मिक वळणाच्या बाईच्या बाबतीत ही चाळणी तीन ठिकाणी फसते. पहिलं, सगळ्याला ‘देवाच्या कृपेनं ठीक आहे’ म्हणायची जिभेची सवय. दुसरं, तिसरा प्रश्न. काही बिघडलं की तुम्ही उगाच स्वतःला दोष दिलात का, असं त्यात विचारतात, आणि ती प्रामाणिकपणे ‘नाही’वर खूण करते. कारण तिच्या लेखी तो दोष ‘उगाच’ नसतोच. तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर. आत्महत्या हे पाप, म्हणून दहाव्या प्रश्नाला ती ‘कधीच नाही’ लिहिते. पण तीच बाई रोज रात्री ‘देवा, आता मला ने’ अशी विनवणी करत असते. तिच्या दृष्टीनं ती प्रार्थना आहे, आत्महत्येचा विचार नव्हे. म्हणून आम्ही आडून विचारत नाही. ‘सकाळी डोळे उघडूच नयेत असं वाटतं का? देवानं उचलून न्यावं असं मागता का?’ असं सरळ विचारतो. विचारल्यानं असा विचार डोक्यात येत नाही; आलेला असेल तर बाहेर येतो. उत्तर हो असेल तर तिला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांना त्याच दिवशी गाठायचं.

श्रद्धा या आजारात मदत करते की छळते, हा वाद आम्हाला फारसा कामाचा वाटत नाही, कारण ती दोन्ही करते. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी संकटात माणूस धर्माचा आधार कसा घेतो यावर बराच अभ्यास केला. त्यांच्या १४ विधानांच्या छोट्या मापनपट्टीत ७ विधानं आधाराची आहेत आणि ७ झगड्याची: देवानं मला टाकलं, माझी भक्ती कमी पडली म्हणून ही शिक्षा, माझ्या समाजानं मला वाऱ्यावर सोडलं, अशा अर्थाची. दुसऱ्या गटातल्या भावना जितक्या जास्त, तितका मनाचा त्रास जास्त, असं त्यांच्या आणि इतरांच्या अभ्यासात वारंवार दिसलं आहे. त्यामुळे ‘तुमची श्रद्धा आहे का?’ हे विचारून काही हाती लागत नाही. ‘सध्या देव तुमच्याशी कसा वागतोय असं वाटतं?’ असं विचारलं की बाई बोलायला लागते.

सर्वात घट्ट गाठ बसते ती मागून मागून मिळालेल्या मुलाच्या बाबतीत. आधीचे गर्भपात, वर्षानुवर्षांचे उपचार, अवघ्या कुटुंबाच्या प्रार्थना, आणि आता मूल झाल्यावर हिला ते नकोसं वाटतंय. ‘ज्यासाठी देवापुढे पदर पसरला तेच आता डोळ्यांपुढे नको’, हे वाक्य ती कुणापाशी उच्चारणार? उलट तिला उठता-बसता ऐकायला मिळतं: ‘किती भाग्यवान आहेस, देवाचे आभार मान.’ आभार मानायला सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, परिणाम वाईट होतो. आभार वाटत नाहीत हेच तर लक्षण आहे. ते मागून आणखी एका परीक्षेत तिला नापास करण्यात अर्थ नाही.

आता नको त्या विचारांबद्दल, कारण इथे घोटाळा सर्वाधिक होतो. जिन्यावरून उतरताना बाळ हातातून सुटल्याचं चित्र, त्याला अंघोळ घालताना आपल्याच हातून काही होईल असा विचार: नव्या आयांपैकी जवळपास सगळ्यांच्या मनात अपघाताचे असे विचार येऊन जातात, आणि आपणच मुद्दाम इजा करू असा विचार सुमारे निम्म्याजणींना कधी ना कधी शिवतो. बहुतेकींच्या मनातून तो निघून जातो. काहीजणींच्या मनात तो अडकतो आणि त्याचा ओसीडी, म्हणजे मंत्रचळ होतो. धार्मिक मनात याचं दुसरं रूपही दिसतं. ऐन प्रार्थनेत देवाबद्दल घाणेरडे शब्द उमटतात, आणि मग ती प्रार्थना विटाळली म्हणून पहिल्यापासून सुरू करायची, एखादा शब्द नीट उमटला नाही म्हणून पुन्हा, मन एकाग्र नव्हतं म्हणून पुन्हा. पाच मिनिटांच्या प्रार्थनेला तास लागतो, बाळ रडत राहतं, आणि त्याचाही अपराध खात्यावर चढतो.

हे का वाढतं, तर प्रत्येक पुनरावृत्तीनं घटकाभर हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्यातून मेंदू शिकतो की विचार खरंच धोक्याचा होता. पुढच्या वेळी तो अधिक जोरात घंटा वाजवतो. म्हणून उपचार उलट्या दिशेनं चालतो: विचार आला तरी प्रार्थना थांबवायची नाही, मागे जायचं नाही, एकदाच म्हणून उठायचं, आणि अस्वस्थता तशीच राहू द्यायची. प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर हे पायरी-पायरीनं करतात. यात धर्मगुरूंचं काम मोलाचं आहे, पण ते त्यांना सांगावं लागतं. ‘हे पाप आहे का?’ या प्रश्नाला एकदा स्पष्ट उत्तर द्यावं, ‘नाही’, आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला तर उत्तर देऊ नये. ‘याचं उत्तर तुला मिळालं आहे’ एवढंच म्हणावं. रोज फोन करून दिलासा देणारे गुरू दयाळूपणे आजारच पोसतात. अशा आईला स्वतःच्या विचारांची भीती आणि किळस वाटते, ती बाळाला जपते, आणि या विचारांमुळे ती धोकादायक ठरत नाही. घरच्यांनी घाबरून बाळ तिच्याकडून काढून घेतलं तर तिची भीती खरी ठरल्यासारखी होते.

याच्या अगदी उलट अवस्था प्रसूतीनंतरच्या सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याची. दर १००० बाळंतपणांत एक-दोन बायकांना होते, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, आणि ज्यांना स्वतःला किंवा घरात बायपोलर आजार (कधी अफाट उत्साह, कधी नैराश्य) आहे त्यांना धोका पुष्कळ अधिक. रात्र रात्र झोप नाही आणि तरी थकवा नाही, बोलणं भरधाव, तासातासाला पालटणारी मनःस्थिती, संशय, गोंधळ. त्यात भ्रमांचा विषय बऱ्याचदा धर्माचाच असतो: देवानं माझी निवड केली आहे, आवाज आज्ञा देतोय, बाळ अवतार आहे किंवा त्याच्यात काही वाईट शिरलं आहे. अडकलेल्या विचारांच्या बाईला शंका खात असते. इथे शंका उरलेली नसते. भाविक घरात याला साक्षात्कार समजतात किंवा बाहेरची बाधा, आणि त्यात मोलाचे तास जातात. आमचं मत इथे कडक आहे: आधी रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग, त्याच तासाला, प्रार्थना करायची तर वाहनात बसून करा. तोवर तिला आणि बाळाला एकत्र एकटं सोडू नका, तिच्या भ्रमाशी वाद घालू नका आणि त्याला होकारही देऊ नका. हा आजार भयंकर दिसतो, पण उपचार मिळाले तर बहुतेक बायका त्यातून पूर्ण बऱ्या होतात.

डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठी लिहून न्यावी. समोर बसल्यावर ‘थोडं थकल्यासारखं वाटतं’ एवढंच तोंडातून निघतं. चिठ्ठीत हवं: केव्हापासून, झोप सलग किती तास, भूक, मरणाचे किंवा इजेचे विचार, आधीचा किंवा घरातला मानसिक आजार, चालू औषधं, बाळ अंगावर पितं का. रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२ बघून घ्यावं. बाळंतपणानंतर १०० पैकी सुमारे पाचजणींना थायरॉइडला सूज येते, आणि तिचं चित्र नैराश्यासारखंच दिसू शकतं. पूर्वी कधी काही दिवस झोपेविना अफाट उत्साहाचे गेले होते का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगा. बायपोलर असताना नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो.

सौम्य ते मध्यम आजारात बोलण्याचे उपचार, तीव्र असेल तर सोबत गोळ्या. बोलण्याच्या उपचारांना मोठी पदवीवाली मंडळीच लागतात असंही नाही. पाकिस्तानच्या खेड्यांतल्या साध्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन केलेल्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २००८ साली आले, आयांमधल्या नैराश्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं ती पद्धत उचलली. गोळ्यांत सर्ट्रालीन हे पाजणाऱ्या आईला बहुतेक वेळा पहिल्यांदा दिलं जाणारं औषध, कारण दुधातून बाळाकडे त्याचा फार थोडा अंश जातो. सुरुवात साधारण २५ किंवा ५० मिलिग्रॅमनं होते. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, थोडी वाढलेली घालमेल होऊ शकते, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे, पूर्ण यायला सहा-आठ आठवडे लागतात. नेमक्या याच मधल्या काळात ‘गोळ्यांनी काही होत नाही, देवावर सोडते’ म्हणून बायका औषध टाकतात. दुसरी चूक बरं वाटल्या वाटल्या बंद करण्याची. बरं वाटल्यानंतरही किमान सहा महिने गोळी चालू ठेवतात, आणि थांबवताना डॉक्टरांच्या सल्ल्यानं डोस हळूहळू उतरवतात.

गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं ऐकवणारं कुणी ना कुणी भेटतंच. त्याच माणसाला मधुमेहाची गोळी चालते. वाद घालू नये. तेवढी ताकद त्या दिवसांत नसते.

प्रार्थनेचं काय करायचं? सोडा असं आम्ही सांगत नाही आणि रेटा असंही नाही. आजाराच्या मापाची करा. एकच ओळ, एक श्वास आत, एक बाहेर. पाजताना, पडून, डोळे मिटून. भाव आला पाहिजे ही अट काढून टाकायची. आपल्याला जमत नसेल तर नवरा किंवा मैत्रीण शेजारी बसून मोठ्यानं म्हणेल, आपण फक्त ऐकायचं. तक्रार करायचीही मुभा आहे; ‘तू कुठे आहेस?’ असं देवाला विचारणारी भक्तांची परंपरा प्रत्येक मोठ्या धर्मात आहे. पहाटेची उपासना आणि रात्रीची जागरणं मात्र बंद. सलग चार-पाच तासांची झोप या आजारात औषधाच्या बरोबरीची. रात्रीचं एक पाजणं दुसऱ्याकडे सोपवून ती मिळवावी लागते. उपासही बंद: पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ४०० ते ५०० कॅलरी जास्त लागतात, आणि जवळपास सगळे धर्म तिला सूट किंवा पुढे ढकलायची मोकळीक देतातच. लिथियम (बायपोलर आजारावरचं औषध) चालू असेल तर पाणी न पिता केलेला उपास सरळ धोक्याचा आहे. शरीरातलं पाणी घटलं की रक्तातलं लिथियम विषारी पातळीला जाऊ शकतं.

काही परंपरांत बाळंतिणीनं ठरावीक दिवस नित्याची उपासना करायची नसते. कुणाला त्यात विश्रांती मिळते. जिचा दिवसच प्रार्थनेनं बांधलेला असतो तिच्या हातून मात्र ऐन गरजेच्या वेळी आधार जातो. तेव्हा त्या काळात काय चालतं, ऐकणं, मनातल्या मनात म्हणणं, हे प्रसूतीआधीच विचारून ठेवावं.

कोणत्या धर्मगुरूंकडे जायचं, याची कसोटी सोपी आहे. भेटून आल्यावर तुम्हाला डॉक्टरांशी आणि घरच्यांशी मोकळं बोलावंसं वाटतं की लपवावंसं? लपवायला लावणारा सल्ला कितीही गोड असो, तिथे पुन्हा जाऊ नका.

बरं होणं सरळ रेषेत येत नाही. आधी झोप सुधारते, मग भूक, मग चिडचिड कमी होते; हा फरक घरच्यांना आधी दिसतो, तिला नंतर. आनंद फार उशिरा येतो आणि प्रार्थनेतला ओलावा बहुतेकींना अगदी शेवटी मिळतो. त्यामुळे ‘घरातलं सगळं करायला लागले, पण देव अजून परत आला नाही’ या टप्प्यावर घाबरायचं कारण नाही. काहीजणींची श्रद्धा पूर्वीसारखी होते. काहींची बदलते: शिक्षा करणारा देव मावळतो आणि त्या जागी कमी बोलणारा, पण सोबत असलेला कुणीतरी येतो. काहींची परत येत नाही. त्यांनाही आजार बरा झाल्याचा आनंद तेवढाच असतो.

पुढचं मूल हवं असेल तर गरोदरपणातच बेत आखा. एकदा नैराश्य झालं की पुन्हा होण्याची शक्यता वाढते. सायकोसिस झाला असेल तर ती साधारण दोनांतली एक असते, आणि तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांची भेट दिवस राहण्याआधीच हवी. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नयेत. कागदावर चार गोष्टी लिहून फ्रीजवर लावून ठेवा: माझी सुरुवातीची लक्षणं कोणती, रात्री बाळाला कोण बघणार, डॉक्टरांचा नंबर, आणि मी ‘देवानं मला टाकलं’ असं म्हणायला लागले की त्या दिवशी कुणी कुणाला फोन करायचा.